आधी टेस्ट, मग पथ्य: सिलिॲकमध्ये लोक क्रम का चुकवतात

हल्ली ग्लूटेन हा शब्द बिस्किटाच्या पाकिटापासून शॅम्पूच्या बाटलीपर्यंत सगळीकडे दिसतो. त्यामुळे होतं काय, की पोट फुगतंय, सारखा थकवा आहे, कुणीतरी म्हणतं गहू सोडून बघ, माणूस गहू सोडतो, थोड्या दिवसांत बरंही वाटतं, आणि मग डॉक्टरांकडे गेलं की ते म्हणतात, सिलिॲकची, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची टेस्ट करायची तर आता परत गहू खायला लागेल. इथे भलेभले वैतागतात. ज्याने त्रास होतो तेच परत खा म्हणजे काय?

पण डॉक्टर बरोबर सांगत असतात आणि त्यामागचं कारण एकदा कळलं की बाकी अर्धा विषय आपोआप सुटतो. म्हणून हा लेख.

## ग्लूटेन म्हणजे काय आणि त्याचा राग कुणाला

ग्लूटेन म्हणजे गहू, बार्ली आणि राय या तीन धान्यांतलं प्रोटीन. मळलेलं पीठ ताणलं जातं, ब्रेड फुगतो, ते त्याच्यामुळेच. हे प्रोटीन पचायला मुळातच चिवट आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या कुणाच्याच पोटात त्याचे पूर्ण तुकडे होत नाहीत, काही लांबलचक तुकडे तसेच आतड्यात पोचतात. बहुतेकांचं शरीर तिकडे दुर्लक्ष करतं.

सिलिॲक असलेल्याचं शरीर दुर्लक्ष करत नाही. आतड्यात एक एंझाइम असतं, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, त्याला यापुढे टीटीजी म्हणू. हे एंझाइम त्या तुकड्यांमध्ये छोटासा केमिकल बदल करतं आणि मग काही विशिष्ट जीन असलेल्या लोकांच्या रोगप्रतिकारक पेशींना ते तुकडे शत्रू वाटायला लागतात. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) शरीर नुसतं ग्लूटेनच्या मागे लागत नाही, ते स्वतःच्याच टीटीजीविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. म्हणून याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. ही ॲलर्जी नाही. गव्हाची ॲलर्जी वेगळी, त्यात मिनिटा-तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, श्वास अडकू शकतो. सिलिॲक मात्र गुपचूप, महिनोन्‌महिने काम करतो.

जगात साधारण १०० माणसांत एकाला हा आजार असतो असा अंदाज आहे आणि त्यातल्या बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं.

## आतड्यात नक्की काय होतं

नवा टर्किश टॉवेल आठवा. त्याला बारीक बारीक धाग्याचे फासे असतात म्हणून तो पाणी भराभर शोषतो. वर्षानुवर्षं वापरून ते फासे झिजले की टॉवेल टॉवेलसारखाच दिसतो पण अंग काही पुसलं जात नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला असेच केसाएवढे उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, अन्नातलं लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन, सगळं त्यांच्यामार्फत रक्तात जातं. सिलिॲकमध्ये हे व्हिलाय झिजून सपाट होतात. माणूस भरपूर जेवतो आणि तरी शरीर उपाशी राहतं.

नुकसान सगळ्यात जास्त आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होतं आणि लोह तिथेच शोषलं जातं. म्हणून कित्येक मोठ्या माणसांमध्ये सिलिॲकची एकमेव खूण म्हणजे हिमोग्लोबिन कमी, गोळ्या खाऊन खाऊन वाढतच नाही.

## "पण माझं पोट तर ठीक आहे"

हा गैरसमज सगळ्यात जुना. १८८८ मध्ये सॅम्युएल जी या इंग्लिश डॉक्टरांनी या आजाराचं जे वर्णन केलं त्यात जुलाब होणारी, सुकलेली, पोट पुढे आलेली मुलंच मुख्य होती, आणि तेच चित्र पुढे पुस्तकांत बसलं. अशी मुलं आजही असतात. पण मोठेपणी निदान होणाऱ्यांत असे भरपूर असतात ज्यांना जुलाब नाहीत, उलट बद्धकोष्ठता आहे, वजन कमी नाही, कधी तर जास्तच आहे.

मग संशय कशावरून घ्यायचा? कारण सापडत नसलेला ॲनिमिया, कमी वयात ठिसूळ झालेली हाडं, मुलाची उंची न वाढणं, वयात यायला उशीर, सारखं तोंड येणं, दातांच्या इनॅमलवर डाग-खड्डे, मूल न राहणं किंवा वारंवार गर्भपात, लिव्हरच्या टेस्टमध्ये उगाच वाढलेले आकडे, हातापायाला मुंग्या. कोपर, गुडघे, कुल्ले इथे प्रचंड खाजणारे बारीक फोड येत असतील तर तो त्याच आजाराचा त्वचेवरचा अवतार असू शकतो, त्याला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. टाइप १ डायबिटीस, ऑटोइम्यून थायरॉइड, डाउन सिंड्रोम, टर्नर सिंड्रोम असणाऱ्यांत सिलिॲकचं प्रमाण जास्त असतं, त्यांची तपासणी त्रास नसला तरी करतात.

## सुरुवात रक्ताच्या टेस्टने

पहिली टेस्ट टीटीजी-आयजीए. वर सांगितलेल्या एंझाइमविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत ते ती मोजते. साधी टेस्ट, उपाशीपोटी जायची गरज नाही.

तिच्यासोबत एक गोष्ट आठवणीने मागून घ्या, टोटल आयजीए. आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार आहे आणि काही लोकांच्या शरीरात तो जन्मतःच जवळजवळ नसतो. सिलिॲक असणाऱ्यांत अशांचं प्रमाण २ ते ३ टक्के आहे. अशा माणसाची टीटीजी-आयजीए निगेटिव्हच येणार, कारण मोजायला आयजीएच नाही! तेव्हा आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीवर आधारलेल्या टेस्ट कराव्या लागतात, उदाहरणार्थ डीजीपी-आयजीजी. नुसती टीटीजी करून 'निगेटिव्ह आहे, जा घरी' असं झालं असेल तर रिपोर्टमध्ये टोटल आयजीएची ओळ आहे का ते बघा.

आणि बाजारात ते 'शेकडो पदार्थांची फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट' मिळतं ना, त्यात गहू लाल रंगात आला म्हणून सिलिॲक झाला असं नाही आणि हिरव्या रंगात आला म्हणून नाही असंही नाही. ती टेस्ट तुम्ही काय खाता एवढंच फार तर सांगते. मला विचाराल तर त्या पैशाची फळं खा.

## परत ग्लूटेन का खायचं

आता मूळ प्रश्नाकडे. अँटीबॉडी बनतात त्या ग्लूटेनमुळे. ग्लूटेन थांबलं की त्या हळूहळू कमी होतात आणि आतडंही भरून यायला लागतं. म्हणजे गहू सोडून काही महिने झाल्यावर टेस्ट केली तर रिपोर्ट अगदी स्वच्छ येऊ शकतो, आजार असूनसुद्धा. असा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सांगत नाही आणि वर खोटा दिलासा देतो.

म्हणून ग्लूटेन चॅलेंज करतात, म्हणजे ठरवून काही आठवडे ग्लूटेन खायचं आणि मग टेस्ट. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा सल्ला असा की टेस्टच्या आधी किमान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लूटेन असावं. काही तज्ज्ञ कमी दिवसांतही भागवतात, पण थोडे दिवस खाऊन रिपोर्ट निगेटिव्ह आला तर शंका राहतेच. त्रास फार होत असेल तर किती खायचं, किती दिवस, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रयोग घरच्या घरी करूच नका.

ज्यांना परत खाणं शक्यच नाही त्यांच्यासाठी एक आडवाट आहे, जीन टेस्ट. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ असे दोन जीन-प्रकार आहेत, सिलिॲक असलेल्या जवळजवळ प्रत्येकात यातला एक तरी असतो. त्यामुळे दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळपास निकालात निघाला, मग चॅलेंजच्या भानगडीत पडायची गरज नाही. ही टेस्ट ग्लूटेन खा किंवा नका खाऊ, सारखीच येते. पण उलटं मात्र धरू नका, कारण हे जीन जगात बऱ्याच ठिकाणी ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या अगदी थोड्यांना आजार होतो. जीन टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून रडारड करणारे आणि लगेच पूर्ण स्वयंपाकघर रिकामं करणारे लोक असतात, दोन्हीची गरज नाही.

## एंडोस्कोपी टाळता येत नाही का

रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली की मोठ्या माणसांत बहुतेक ठिकाणी एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे काढतात, म्हणजे बायोप्सी. तोंडातून बारीक कॅमेरा जातो, झोपेचं औषध देतात, काही मिनिटांत होतं. तुकडे तांदळाच्या दाण्याहून लहान असतात आणि काढताना दुखत नाही.

इथे एक तांत्रिक पण कामाची गोष्ट. आपला टॉवेल सगळीकडून सारखा झिजत नाही, एके ठिकाणी फासे शाबूत आणि बाजूला पार सपाट असं असू शकतं. म्हणून लहान आतड्याच्या पहिल्या भागातून किमान ४ तुकडे आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून १-२ तुकडे घ्यावेत असा सल्ला आहे. एकच तुकडा घेऊन 'नॉर्मल' म्हटलं तर त्याला अर्थ नाही. रिपोर्टमध्ये मार्श ०, १, २, ३ असं लिहिलेलं असतं, मायकेल मार्श यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे, ० म्हणजे ठणठणीत आणि ३ म्हणजे व्हिलाय झिजलेले.

पण सपाट व्हिलाय म्हणजे सिलिॲकच असंही नाही. जिआर्डिया नावाचा परजीवी, क्रोन्स हा आतड्याला सूज आणणारा आजार, इतकंच काय ओल्मेसार्टन या ब्लडप्रेशरच्या गोळीनेसुद्धा तसं दिसू शकतं. म्हणून रक्त आणि बायोप्सी एकत्र बघतात.

मुलांमध्ये मात्र सूट आहे. युरोपातल्या बालरोग-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या नियमांप्रमाणे टीटीजी-आयजीए नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा वेगळ्या रक्ताच्या नमुन्यात ईएमए नावाची अँटीबॉडीही पॉझिटिव्ह आली तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं, अर्थात आईवडिलांशी बोलून. मोठ्यांच्या बाबतीतही वारं त्याच दिशेने आहे पण एकमत अजून नाही.

## "गहू सोडून बरं वाटतंय ना, मग निदानाचा अट्टाहास कशाला?"

हा आक्षेप मी मनापासून समजू शकतो, पण तो टिकत नाही.

एक तर बरं वाटण्याचं कारण ग्लूटेन नसूही शकतं. गव्हात फ्रुक्टान नावाची एक साखरसाखळी असते, ती आतड्यात आंबते आणि गॅस करते. नॉर्वेत २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात स्वतःला ग्लूटेन बाधतं म्हणणाऱ्या, पण सिलिॲक नसलेल्या लोकांना न सांगता ग्लूटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेले बार आळीपाळीने खायला दिले, तर सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. अशा माणसाला आयुष्यभर कणाकणाचा हिशेब ठेवायची काही गरज नसते, थोडंफार खाल्लं तर पोट गुरगुरेल, इतकंच.

याउलट खरंच सिलिॲक असेल तर 'सहसा टाळतो, पण कधीमधी चालतं' हे अर्धवट पथ्य कामाचं नाही. आतडं आतून झिजत राहतं, हाडं ठिसूळ होतात, आणि अगदी क्वचित, पण आतड्याचा लिम्फोमा हा कॅन्सरही होऊ शकतो. निदान कागदावर असेल तर हाडांची घनता, लोह, बी१२, फोलेट, व्हिटॅमिन डी या तपासण्या होतात, घरच्यांची तपासणी होते. आणि खरं सांगायचं तर 'मला सूट होत नाही' म्हणणाऱ्याचं पथ्य पहिल्याच लग्नकार्यात आग्रहापुढे मोडतं.

## रोजचं खाणं: काय चालतं, काय नाही

चांगली बातमी आधी. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, सगळ्या डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे, मांस, शेंगदाणे यांत मुळातच ग्लूटेन नसतं. म्हणजे पथ्य म्हणजे महागड्या पाकिटांचं आयुष्य हे खरं नाही. उलट पाकिटातल्या ग्लूटेन फ्री ब्रेड-बिस्किटांत बऱ्याचदा फायबर कमी आणि साखर, फॅट जास्त असतं. ग्लूटेन फ्री म्हणजे हेल्दी असं समजून सिलिॲक नसलेल्यांनी त्याच्या मागे धावायचं मला तरी कारण दिसत नाही.

आता चालत नाही ते. मैदा, रवा, दलिया, शेवया, पास्ता, साधा ब्रेड हे उघड आहे. स्पेल्ट, एमर म्हणजेच खपली अशी जुनी धान्यंही गहूच आहेत, 'पूर्वीचा गहू सोसतो' हा समज सिलिॲकला लागू नाही. ब्रेड आंबवून केला म्हणून सुरक्षित होत नाही. भाजून-तळून ग्लूटेन नष्ट होत नाही.

छुपं ग्लूटेन जास्त त्रास देतं. माल्ट बार्लीचं असतं, म्हणून माल्टवाली पेयं, काही नाश्त्याची सीरियल्स, बिअर बाद. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. सूप, ग्रेव्ही घट्ट करायला पीठ लावलेलं असतं, कटलेटला ब्रेडचा चुरा, मसाल्यात कधी कधी पिठाची भर. पाकिटावर 'व्हीट फ्री' लिहिलंय म्हणून घेऊ नका, त्यात बार्ली असू शकते.

ओट्सचं जरा अवघड आहे. ओट्समधलं प्रोटीन वेगळं असतं आणि बहुतेकांना ते सोसतं, पण शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत ओट्समध्ये गहू-बार्ली मिसळतेच. म्हणून ग्लूटेन फ्री लिहिलेलेच ओट्स घ्यायचे, तेही पथ्य बसल्यावर डॉक्टरांना विचारून, आणि थोड्यांना तेही सोसत नाहीत.

## "एखादा घास खाल्ला तर काय बिघडतं?"

पाहुणे, मावश्या, मित्र, सगळे हेच विचारतात, म्हणून आकडेच देतो. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लूटेन धरा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिॲक असलेल्यांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन ३ महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या व्हिलायला इजा झालेली दिसली. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग! दिवसाला १० मिलिग्रॅमच्या खाली बहुतेकांना चालून जातं असं धरतात.

लेबलवरचा २० पीपीएमचा (दहा लाख भागांत २० भाग) नियम इथून समजतो. खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सनुसार ग्लूटेन फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. असा पदार्थ दिवसात अर्धा किलो खाल्ला तरी फार तर १० मिलिग्रॅम होतात. हिशेब जुळतो.

मग घरात काय करायचं? टोस्टर वेगळा ठेवा, चाळणी आणि लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा कारण फटीत पीठ राहतं. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की झालं, नवी आणायची गरज नाही. ज्या तेलात ब्रेडचा चुरा लावलेलं काही तळलंय त्याच तेलात बटाटे तळू नका. लोण्याच्या डबीत ब्रेडचे कण लागलेला चमचा हा एक क्लासिक गुन्हेगार आहे. गहू दळलेल्या गिरणीत लगेच ज्वारी दळली तर ज्वारीच्या पिठात गहू येणारच, त्यामुळे दळायची वेगळी सोय बघा.

पण घाबरून जगायचं नाही. ग्लूटेन हवेतून भिनत नाही, त्वचेतून आत जात नाही. शॅम्पूवरचं ग्लूटेन फ्री हे लेबल म्हणजे निव्वळ विक्रीचा धंदा, शॅम्पू पीत असाल तर गोष्ट वेगळी. चुकून पोटात गेलंच तर दोन-चार दिवस त्रास होईल, पाणी प्या, आराम करा आणि कुठून आलं ते शोधा.

## बरं व्हायला किती वेळ

थकवा, पोटाचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. अँटीबॉडी उतरायला बहुतेकदा ६ महिने ते वर्षभर लागतं, कधी जास्तही. आतडं मुलांचं लवकर भरतं, मोठ्यांना २ वर्षं किंवा त्याहून जास्त लागू शकतात. सुरुवातीला दूध बाधू शकतं कारण दुधातली साखर पचवणारं एंझाइम त्या व्हिलायच्या टोकावरच असतं, ते परत उगवले की बऱ्याच जणांना दूधही चालायला लागतं. त्रास गेला म्हणून फॉलोअप सोडू नका, आणि त्रास गेलाच नाही तर दहापैकी बहुतेक वेळा कुठूनतरी ग्लूटेन जातंय असंच निघतं, आधी ते तपासा.

## घरच्यांचं काय

आईवडील, भावंडं, मुलं यांना सिलिॲक असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, त्यांनी त्रास नसला तरी रक्ताची टेस्ट करून घ्यावी. आणि एक कळकळीची सूचना, प्रेमापोटी अख्खं घर एका रात्रीत ग्लूटेन फ्री करायच्या आधी सगळ्यांचं रक्त तपासायला देऊन टाका. नाहीतर धाकट्याला वर्षभराने त्रास सुरू झाला की परत तेच चॅलेंज आणि तोच वैताग.

## यावर गोळी नाही का

हे पथ्य कसं सापडलं तेही ऐकण्यासारखं आहे. १९२४ मध्ये सिडनी हास यांनी सिलिॲकच्या मुलांना केळ्यांच्या डाएटवर ठेवलं, मुलं सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळालं. खरं कारण त्या डाएटमध्ये ब्रेड नव्हता हे होतं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, १९४४-४५ च्या युद्धकाळातल्या हिवाळ्यात तिथे ब्रेडची टंचाई झाली तेव्हा ही मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर बिघडली, त्याने तो पक्का झाला. १९५० मध्ये त्यांनी ते प्रबंधात मांडलं.

तेव्हापासून आजवर उपचार तोच आहे. औषधांवर काम चालू आहे, टीटीजी एंझाइमलाच अडवणाऱ्या झेडईडी१२२७ या गोळीचे २०२१ मध्ये आलेले सुरुवातीचे निकाल आशा दाखवणारे होते, तर लॅराझोटाइड नावाच्या औषधाची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली. दुकानात मिळणाऱ्या 'ग्लूटेन पचवणाऱ्या' एंझाइमच्या गोळ्या थोडंफार ग्लूटेन तोडतात, पण ५० मिलिग्रॅमने इजा होणाऱ्या आतड्याला 'थोडंफार' पुरत नाही. गोळी खाऊन पिझ्झा खायचा प्लॅन असेल तर तो रद्द करा.